कॉम्प्युटर झोपवावा की बंदच करावा? वाचकांचे प्रश्न

नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायचा आहे, दुपारी नागपुरात बर्डीवर चिटपाखरू दिसत नाही आणि माझ्या टेबलावर मेलेल्या मशीनची रांग लागली आहे, दरवर्षीसारखीच. योगायोग असा की या महिन्यात आलेल्या पत्रांतले चार प्रश्न सगळे याच एका विषयावरचे निघाले, म्हणून बाकीचे प्रिंटर वगैरेचे प्रश्न पुढच्या वेळी घेऊ.

प्रश्न: घरी डेस्कटॉप आहे. मुलगा रात्री काम झालं की तो स्लीपला टाकून झोपतो. मी पाणी प्यायला उठलो की तो लाईट लुकलुक करताना दिसतो, मग मी बंद करून टाकतो आणि सकाळी घरात भांडण, की बाबा माझ्या सगळ्या फाईल उघड्या होत्या. तो म्हणतो रोज बंद-चालू केल्याने मशीन लवकर खराब होते. मी म्हणतो बिल वाढते. खरं कोणाचं? – निवृत्त शिक्षक, महाल

उत्तर: काका, राग नका मानू पण तुम्ही दोघंही चुकून राहिले.

आधी तुमचं बिल. साधा डेस्कटॉप स्लीपमध्ये दोन-तीन वॅट घेतो, कारण तेव्हा फक्त रॅमला, म्हणजे चालू काम धरून ठेवणाऱ्या तात्पुरत्या मेमरीला, जागं ठेवलेलं असतं, पंखे, डिस्क, प्रोसेसर सगळं थांबलेलं. तीन वॅट धरा, रात्रीचे आणि मधले असे पंधरा तास धरा, तर महिन्याला दीड युनिटसुद्धा होत नाही. म्हणजे दहा-पंधरा रुपये, तेवढ्यात तर्री-पोह्याची एक प्लेट येत नाही. तुमचा कुलर एक तास चालला की जेवढी वीज जाते ना, तेवढ्यात हा कॉम्प्युटर चार रात्री आरामात झोपतो. बिलाला खरा धक्का बसतो तो स्लीपलाही न टाकता नुसता तसाच उघडा सोडून उठल्यावर. मॉनिटरसकट सत्तर वॅट धरले तर त्याच पंधरा तासांचे महिन्याला तीसेक युनिट होतात, तिथे मात्र तुम्ही ओरडा, मी तुमच्या बाजूने आहे.

आता मुलाचं. बंद-चालू केल्याने मशीन झिजते ही गोष्ट पूर्ण खोटी नाही, जुनी आहे. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात हार्डडिस्कचं डेटा वाचणारं हेड आधी पार्कची कमांड देऊन बाजूला घ्यावं लागायचं, मग मशीन हलवायची, आणि विंडोज ९५ मध्ये शटडाऊन केल्यावर काळ्या पडद्यावर नारिंगी अक्षरांत लिहून यायचं की आता बंद करायला हरकत नाही, मग आपण हाताने खटका दाबायचो. ज्यांनी त्या काळी चपला बाहेर काढून एसीच्या खोलीत कॉम्प्युटर शिकला त्यांच्या डोक्यात ती भीती बसली, आणि त्यांनी ती पोरांना दिली. आताच्या साध्या हार्डडिस्कलासुद्धा कंपन्या पन्नास हजार वेळा चालू-बंद होण्याचा हिशोब देतात. दिवसातून दोनदा बंद केलं तरी ते व्हायला अडुसष्ट वर्षं लागतील, आणि एसएसडीत, म्हणजे चिपवाल्या नव्या डिस्कमध्ये, तर फिरणारं काहीच नाही. त्यामुळे तेही कारण गेलं.

मग उरलं काय, तर लाईन, म्हणजे घरात येणारी वीज. पुण्या-मुंबईचे लोक या प्रश्नावर लिहितात तेव्हा हे विसरतात आणि आपल्याकडे तोच मुख्य मुद्दा आहे. स्लीपमध्ये तुमच्या मुलाच्या उघड्या फाईल रॅममध्ये असतात, आणि रॅमला वीज मिळाली नाही की ती सगळं विसरते, एका क्षणात. रात्री लाईन गेली, यूपीएसने पंधरा-वीस मिनिटं ओढलं, मग तोही पी पी करून बसला, की सकाळी फाईल गेल्या. (तेव्हा मात्र तुमच्यावर आळ यायला नको.) त्यात यूपीएसच्या बॅटरीचं असं आहे की पंचवीस डिग्रीच्या वर दर दहा डिग्रीला तिचं आयुष्य जवळपास अर्धं होतं, आणि आपण ती ठेवतो टेबलाखाली, भिंतीला चिकटून, पंचेचाळीसच्या उन्हाळ्यात. बॅटरी फुगली म्हणून माझ्याकडे येणारे बहुतेक सगळे मे-जूनमध्ये येतात.

यावर उपाय आहे आणि तो विंडोजमध्येच आहे, फक्त मेनूत दिसत नाही. हायबरनेट म्हणतात त्याला. यात कॉम्प्युटर रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून ठेवतो आणि मग खरोखर बंद होतो. सकाळी चालू केलं की मुलाचे टॅब, फाईल, अर्धवट लिहिलेला मेल सगळं जसंच्या तसं, रात्रभर लाईन गेली तरी. चालू व्हायला स्लीपपेक्षा थोडा वेळ घेतो एवढंच. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणं काय करतात ते निवडायची लिंक आहे, तिच्यात वरती 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग बदला' अशी ओळ इंग्रजीत येते तिच्यावर क्लिक केल्यावरच खाली हायबरनेटची टिक मारता येते. ती मारली की भांडण मिटावं.

आणि एक, हे मुलाला नक्की सांगा. मृगाच्या आधीच्या पावसात आपल्याकडे विजा कशा पडतात ते तुम्हाला मी काय सांगू. स्लीप असो, हायबरनेट असो की शटडाऊन, प्लग भिंतीत आहे तोवर मशीनच्या पोटात थोडी वीज खेळत असते, कारण १९९५ नंतरच्या एटीएक्स प्रकारच्या पॉवर सप्लायमध्ये बटणाने चालू करण्यापुरती पाच व्होल्टची सोय कायम जागी असते. भिंतीवरचा खटका बंद केला तर तो फक्त फेज तोडतो, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो. म्हणून ढग गडगडायला लागले की प्लग ओढून काढायचा, खटक्यावर भागवायचं नाही. आणि इंटरनेटची तांब्याची तार असेल तर तीही काढायची, लोक हेच विसरतात. गेल्या वर्षी मी जेवढे जळके मदरबोर्ड पाहिले त्यातल्या काहींत पॉवर सप्लाय ठणठणीत होता आणि नेटवर्कचं तेवढं पोर्ट काळं पडलं होतं.

प्रश्न: मी डीटीपीचं काम करते. रोज संध्याकाळी न चुकता शटडाऊन करते, तरी मशीन आठवड्याभरात जड होऊन जाते, फॉन्ट दिसेनासे होतात, प्रिंटर सापडत नाही. ओळखीतला मुलगा म्हणाला रिस्टार्ट करत जा. पण मी तर रोज बंदच करते ना, मग रिस्टार्टने वेगळं काय होणार? – एक वाचक, धरमपेठ

उत्तर: ताई, तो मुलगा बरोबर सांगून राहिला, आणि तुम्हाला वाटतं तसं तुम्ही रोज बंद करत नाही आहात.

विश्वास नसेल तर असं करा. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स, त्यात सीपीयू, आणि खाली 'अप टाइम' म्हणून आकडा आहे तो वाचा. रोज शटडाऊन करूनही तिथे दहा-अकरा दिवस दिसले तर घाबरू नका. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार बहुतेक मशीनमध्ये आपोआप चालू असतो. तुम्ही शटडाऊन म्हटलं की तुमची कोरल, वर्ड वगैरे बंद होतात, तुम्ही लॉगआऊट होता, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटरसारखी यंत्रं चालवणारे प्रोग्रॅम) मात्र बंद होत नाहीत, ते वरती काकांना सांगितलं तसे डिस्कवर जपून ठेवले जातात आणि सकाळी तेच परत उचलले जातात, म्हणजे प्रिंटरच्या ड्रायव्हरचा कालचा रुसवासुद्धा सकाळी तसाच हजर. दुकानाचं शटर लावलं पण आत झाडलंच नाही, तसं. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं मुळापासून पुन्हा सुरू होतं, कारण अपडेटला आणि ड्रायव्हरला तेच लागतं. नाव उलटं वाटतं खरं, की शटडाऊन अर्धवट आणि रिस्टार्ट पूर्ण, पण तसंच आहे.

तर आठवड्यातून दोनदा, समजा सोमवार-गुरुवार, सकाळी चहा ठेवताना रिस्टार्ट मारा. किंवा शटडाऊनवर क्लिक करताना शिफ्टची की दाबून धरा, मग तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं. कायमचंच नको असेल तर मघाच्याच पानावर फास्ट स्टार्टअपची टिक काढून टाका. तुमच्याकडे एसएसडी असेल तर चालू व्हायला दोन-चार सेकंदच जास्त लागतील, जुनी हार्डडिस्क असेल तर मात्र जाणवेल आणि मग तुम्ही मला शिव्या घालाल.

महिनोन्‌महिने रिस्टार्ट न करणाऱ्यांसाठी एक जुनी गंमत. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये अशी चूक होती की मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिली की अडकून बसायची, कारण आतला मिलीसेकंद मोजणारा आकडा ३२ बिटांचा होता आणि तेवढ्यात तो भरून जायचा. ही चूक १९९९ पर्यंत कोणाच्या फारशी लक्षातच आली नाही. त्या काळची विंडोज सलग पन्नास दिवस न अडकता चाललीच कुठे!

प्रश्न: दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, हिंगणा रोडला कॉलेज. लॅपटॉपचं झाकण लावून बॅगेत टाकतो, कॉलेजला पोहोचून काढला तर पाठ भाजेल इतका गरम आणि बॅटरी ८० वरून ३५ वर. मित्र म्हणतात व्हायरस आहे. – एक विद्यार्थी

उत्तर: व्हायरस नाही रे, तो झोपलेलाच नसतो. पूर्वी झाकण लावलं की लॅपटॉप गाढ झोपायचा. आताचे बरेच विंडोज लॅपटॉप मोबाईलसारखे अर्धवट जागे राहतात, मेल बघतात, अपडेट ओढतात, मॉडर्न स्टँडबाय म्हणतात त्याला. टेबलावर ठेवला असेल तर चालतं. बॅगेत हवा नाही, बॅग गाडीवर, वरून ऊन ४५, आणि आत प्रोसेसरला मध्येच काम आठवलं की तू म्हणतो तसंच होणार. लिथियमच्या बॅटरीला उष्णतेइतकं वाईट काही नाही, असं रोज केलं तर लवकरच चार्जर लावल्याशिवाय लॅपटॉप चालणार नाही.

पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण लावल्यावर काय व्हावं ते ठरवता येतं, तिथे बॅटरीवर असताना हायबरनेट ठेव. झाकण लावल्यावर अर्धा मिनिट थांब, त्याला डिस्कवर लिहू दे, पंखा थांबला की मग बॅगेत टाक. आणि दुपारी गाडीच्या डिकीत लॅपटॉप ठेवून तर्रीवाल्याकडे बसू नको, तो खांद्यावरच असू दे.

प्रश्न: आमचा पीसी मध्यरात्री आपोआप चालू होतो. खोलीत एकदम उजेड! सासूबाई म्हणतात घरात काहीतरी आहे. – एक वाचक, मानेवाडा

उत्तर: आहे, कुलर आहे. त्याचा स्टँड टेबलाला टेकला असेल तर बघा, मोटारची थरथर माऊसला लागते आणि माऊस हलला की स्लीपमधला पीसी उठतो. स्टँड थोडा सरकवा. तरी उठलाच तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये माऊस, मग पॉवर मॅनेजमेंट, तिथे कॉम्प्युटरला उठवायची परवानगी काढून टाका, नेटवर्क कार्डचीही काढा, मग कीबोर्डनेच उठेल. हे सगळं जमेपर्यंत रात्री माऊस उलटा करून ठेवा, सासूबाईंना सांगायची गरज नाही.