सप्टेंबरमधल्या ऑस्कर-अंदाजांचं काय करायचं?

तुमचे प्रश्न तीन आहेत. व्हेनिस, टेल्युराइड आणि टोरंटो हे महोत्सव आटोपले की ऑस्करच्या दावेदारांच्या याद्या फिरू लागतात, त्यांतली कुठली नावं मनावर घ्यायची? कुणीच न पाहिलेले डिसेंबरचे चित्रपट त्या याद्यांत एवढे वर कसे? आणि आपल्याकडच्या चित्रपटाला कितपत आशा? हा हंगाम मी बरीच वर्षं नेमाने बघतोय, आणि तो मला मनापासून आवडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

न पाहिलेल्या चित्रपटांपासून सुरुवात करू. जून-जुलैत यादी करणाऱ्याच्या हाताशी फक्त नावं असतात. दिग्दर्शकाला आधी किती नामांकनं होती, नायिका किती वर्षं पुरस्कारावाचून राहिली आहे, विषय मोठ्या ऐतिहासिक घटनेचा आहे का, एवढ्यावरच क्रम लागतो. २०२२ साली डेमियन शझेलचा 'बॅबिलॉन' असाच बऱ्याच याद्यांत वर होता. 'ला ला लँड'चा दिग्दर्शक, हॉलिवूडच्याच इतिहासाचा विषय, मोठे तारे, सगळं जमून आलेलं. प्रत्यक्षात तीन तांत्रिक नामांकनं मिळाली आणि पुरस्कार एकही नाही. २०२४ साली 'जोकर'च्या दुसऱ्या भागाचं तसंच झालं. पहिल्या भागाला ११ नामांकनं होती, दुसऱ्याला शून्य. आणि 'बॅबिलॉन'च्याच वर्षी सात ऑस्कर नेणारा 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स' मार्चमध्येच थिएटरात लागून गेला होता. हंगाम अजून सुरूही झाला नव्हता.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की कुणीच न पाहिलेला चित्रपट यादीत असू द्या, पण त्याला क्रमांक देऊ नका. शेवटच्या घटकेला येऊन सगळं घेऊन जाणारे चित्रपट आता दुर्मीळ झाले आहेत. २००४ च्या डिसेंबरात 'मिलियन डॉलर बेबी' आला आणि 'द एव्हिएटर'च्या हातातली शर्यत घेऊन गेला. पण पुढे २००७ ते २०२२ या काळातल्या ज्या ज्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, त्या प्रत्येकाचा पहिला खेळ कुठल्या ना कुठल्या महोत्सवात झाला होता. ही साखळी 'ओपेनहायमर'ने तोडली, आणि तोही जुलैतच लागला होता. मतदारांना चित्रपट बघायला, त्याच्यावर बोलायला, तो मनात मुरायला वेळ लागतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येणाऱ्याला तो फारसा मिळत नाही.

दुसरी गोष्ट वितरकाची. नव्या बघणाऱ्यांचं तिकडे लक्षच जात नाही, आणि माझ्या मते सप्टेंबरात सर्वांत जास्त माहिती तिथेच मिळते. मतदारांसाठी खास खेळ लावणं, दिग्दर्शक-कलाकारांना प्रश्नोत्तरांना नेणं, जाहिराती देणं, हे सगळं वितरक करतो आणि त्याला बराच पैसा लागतो. एकाच वितरकाकडे चार दावेदार असतील तर तो चौघांवर सारखा खर्च करत नाही. टोरंटोनंतर तो कुणाच्या मुलाखती लावतोय आणि कुणाची प्रदर्शनाची तारीख गुपचूप पुढे ढकलतोय, हे बघत राहा. 'ड्यून'चा दुसरा भाग २०२३ च्या अंदाजांत ठळक होता. कलाकारांच्या संपामुळे तो नोव्हेंबरहून मार्च २०२४ वर गेला आणि एका फटक्यात सगळ्या याद्या बदलल्या. पुढच्या हंगामात त्याला पाच नामांकनं मिळाली, पण व्हिलनव यांना दिग्दर्शनाचं नामांकन मिळालं नाही.

उलटही घडतं. महोत्सवाला येताना ज्याला अमेरिकेत वितरकच नसतो, असा चित्रपट जुलैच्या यादीत दिसणार कुठून? २०१४ च्या टोरंटोत 'स्टिल ॲलिस' दाखवला गेला, तिथे तो विकला गेला, वर्षाअखेर घाईने पात्रतेपुरता थिएटरात लावला आणि ज्युलियन मूर ऑस्कर घेऊन गेल्या. २०२४ ला 'द ब्रूटलिस्ट' व्हेनिसनंतर ए-ट्वेंटीफोर या अमेरिकी वितरकाने घेतला, आणि साडेतीन तासांच्या त्या चित्रपटाला दहा नामांकनं मिळाली. तेव्हा सप्टेंबरात "हा कुणी विकत घेतला?" ही बातमी "समीक्षकांनी किती तारे दिले?" या बातमीइतक्याच लक्षपूर्वक वाचा.

टाळ्यांच्या बातम्या मात्र सोडून द्या. व्हेनिसला प्रेक्षक किती मिनिटं उभे राहिले याचे मथळे दरवर्षी येतात. २०२४ ला 'द रूम नेक्स्ट डोअर'साठी सतराएक मिनिटं टाळ्या वाजल्या, त्याला गोल्डन लायन हा तिथला सर्वोच्च पुरस्कारही मिळाला, आणि ऑस्करचं एकही नामांकन मिळालं नाही. टोरंटोच्या प्रेक्षक पुरस्काराला मी जास्त मानतो, कारण तिथे तिकीट काढून आलेला साधा प्रेक्षक मत देतो. २०१२ ते २०२३ दरम्यान तो मिळवणारा प्रत्येक चित्रपट सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात पोचला. २०२४ चा विजेता 'द लाइफ ऑफ चक' त्या वर्षी प्रदर्शितच झाला नाही आणि ती परंपरा मोडली. इथेही वितरक आणि तारीख आडवी आली, बघा.

आता मतदान. अंदाज बांधण्यातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच, आणि बहुतेक याद्या तो विचारातच घेत नाहीत. नामांकनाच्या फेरीत नट नटांची नावं सुचवतात, संकलक संकलकांची, छायाचित्रकार छायाचित्रकारांची. सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी मात्र सगळे मत देतात, तेही पसंतीक्रमाने, आणि अंतिम फेरीतही इथे पसंतीक्रमच चालतो. बाकीच्या विभागांत शेवटी एकच नाव निवडायचं आणि ज्याची मतं जास्त तो जिंकला, असा सरळ हिशोब असतो.

मतपत्रिकांची मोजणी डोळ्यांसमोर आणा. दहा चित्रपट, प्रत्येक मतदाराने एक ते दहा क्रम लावलेला. आधी पहिल्या पसंतीनुसार दहा गठ्ठे होतात. एखाद्या गठ्ठ्यात निम्म्याहून जास्त मतं असतील तर तिथेच निकाल लागला. दहा चित्रपटांत ते जवळजवळ अशक्य. मग सर्वांत लहान गठ्ठा उचलायचा आणि त्यातली प्रत्येक मतपत्रिका तिच्यावरच्या दुसऱ्या पसंतीच्या गठ्ठ्यात टाकायची. मग पुन्हा सर्वांत लहान गठ्ठा. एखाद्या मतपत्रिकेवरची दुसरी पसंती आधीच बाद झाली असेल तर तिसरी बघायची. कुणीतरी निम्म्याच्या पुढे जाईपर्यंत हे चालू राहतं. म्हणजे पहिल्या फेरीत सर्वांत मोठा गठ्ठा असलेला चित्रपट हरू शकतो, जर उरलेल्या मतदारांनी त्याला आठव्या-नवव्या क्रमांकावर ढकललं असेल तर. आणि ज्याला बहुतेकांनी दुसरं-तिसरं स्थान दिलंय, तो फेरीगणिक वर येत राहतो.

नेमके किती मतांनी कोण जिंकलं हे ऑस्कर देणारी अकादमी कधीच सांगत नाही, तेव्हा आतली आकडेवारी सांगणाऱ्यांवर विसंबू नका. पण निकालांची तऱ्हा बघितली की ही पद्धत जाणवते. 'द पॉवर ऑफ द डॉग'ला १२ नामांकनं होती. जेन कॅम्पियन यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला आणि चित्रपटाला तेवढा एकच. त्या रात्री सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला 'कोडा', ज्याला नामांकनंच तीन होती, दिग्दर्शनाचं आणि संकलनाचं तर नव्हतंच. तिन्ही पुरस्कार तो घेऊन गेला. 'कोडा' न आवडलेला माणूस शोधावा लागत होता. 'पॉवर ऑफ द डॉग'वर जीव टाकणारे खूप होते, तसे अर्ध्यात कंटाळलेलेही खूप होते.

म्हणून यादीतल्या प्रत्येक नावापुढे मी दोन वेगवेगळे प्रश्न लिहितो. याला आपला पहिला क्रमांक देणारे लोक कोण? आणि याला दुसरा-तिसरा देणारे कोण? दहांत यायला पहिल्या प्रश्नाचं उत्तर लागतं. 'ड्राइव्ह माय कार' किंवा 'आय ॲम स्टिल हिअर' सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या नामांकनात आले ते त्यांच्यावर मनापासून प्रेम करणाऱ्या मतदारांमुळे. शेवटी जिंकायला दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जास्त उपयोगी पडतं. २०१६ च्या सुमारापासून अकादमीने सदस्यसंख्या खूप वाढवली, अमेरिकेबाहेरचे सदस्य मोठ्या संख्येने आले, त्यामुळे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आता फक्त लॉस एंजेलिसमध्ये शोधून भागत नाही. 'पॅरासाइट' आणि 'अनोरा' हे दोन्ही पाम दोर, म्हणजे कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, मिळवलेले चित्रपट एवढ्या थोड्या वर्षांच्या अंतराने ऑस्करही जिंकले. मे महिन्यातल्या कानकडे दुर्लक्ष करून सप्टेंबरची यादी करणं मला पटत नाही, ते त्यामुळेच.

अभिनयाच्या विभागांबद्दल दोनच गोष्टी. "आता तिची वेळ आली" हा मुद्दा नामांकनापर्यंत नेतो, पुढची खात्री देत नाही. ग्लेन क्लोज सातव्या नामांकनाला पोचल्या होत्या, गोल्डन ग्लोब आणि अभिनेत्यांच्या संघटनेचा पुरस्कार दोन्ही जिंकल्या होत्या, आणि ऑस्कर ऑलिव्हिया कोलमन यांना मिळाला. दुसरं म्हणजे प्रमुख की सहायक हा प्रश्न. वितरक अर्ज करतो एका विभागात, पण नट मतदार त्यांना हवं तिथे टाकू शकतात. 'द रीडर'साठी केट विन्स्लेटचा प्रचार सहायक म्हणून झाला, त्याच विभागात त्यांना गोल्डन ग्लोब मिळाला, आणि ऑस्करसाठी मतदारांनी त्यांना प्रमुख अभिनेत्रींत नेऊन बसवलं. तिथे त्या जिंकल्याही. 'जूडस अँड द ब्लॅक मसाया'चे दोन्ही मुख्य नट सहायक विभागात आले. अंदाज बांधताना भूमिकेची लांबी मोजत बसण्यापेक्षा, कुठल्या विभागात गर्दी कमी आहे ते बघा. वितरकही तेच बघतो.

आता आपल्याकडचं. इथे तीन वेगळी दारं आहेत, आणि मथळ्यांत त्यांची सरमिसळ होते. पहिलं दार म्हणजे पात्र चित्रपटांची यादी. जानेवारी २०२३ मध्ये ३०१ चित्रपटांची अशी यादी निघाली. तिच्यात 'कांतारा' होता, 'द काश्मीर फाइल्स' होता, आपला 'मी वसंतराव'सुद्धा होता. "ऑस्करच्या शर्यतीत" म्हणून भरभरून बातम्या आल्या. 'मी वसंतराव' मला फार प्रिय आहे, तरी सांगतो, त्या यादीत असणं म्हणजे ठरलेल्या अमेरिकी शहरांत ठरावीक दिवस खेळ लावून रीतसर अर्ज केलेला असणं. मतदारांची निवड त्यानंतर सुरू होते.

दुसरं दार आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागातल्या भारताच्या अधिकृत प्रवेशिकेचं. 'श्वास', 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', 'कोर्ट' याच दारातून गेले. देशागणिक एकच चित्रपट, मग डिसेंबरात १५ जणांची छोटी यादी, मग पाच नामांकनं. तिथवर भारताचे तीनच चित्रपट पोचले: 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि 'लगान'. या दारात निवड समितीची आवड आणि हंगामाचा वारा यांची गाठ पडेलच असं नाही. २०२४ साली 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ने कानचा दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, ग्राँ प्री, मिळवला होता, अमेरिकेत त्याच्यामागे वितरक उभा होता, समीक्षक त्याच्याबद्दल लिहीत होते. समितीने 'लापता लेडीज' पाठवला. तो चांगला चित्रपट आहे, मला आवडतोही, पण डिसेंबरच्या पंधरांत तो आला नाही. परदेशातला वारा आधीच ज्याच्या बाजूने आहे त्याला पाठवावं, असं माझं ठाम मत आहे.

तिसरं दार बाकीच्या विभागांचं. ते सगळ्यांसाठी उघडं असतं, फक्त त्याला पैसा आणि चिकाटी लागते. 'आरआरआर' भारताची प्रवेशिका नव्हता, ती जागा 'छेल्लो शो'ला मिळाली होती. पण जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या वितरकाने तो एका रात्रीसाठी पुन्हा थिएटरांत लावला, लोक नाचले, मग खेळ लागत गेले, राजामौली महिनोन्महिने तिथे फिरत राहिले, आणि 'नाटू नाटू'ला गाण्याचा पुरस्कार मिळाला. यंदा कुठल्या भारतीय चित्रपटाकडे बघायचं हे ठरवताना आधी त्याला अमेरिकेत वितरक आहे का ते शोधा. नसेल तर त्याचं नाव यादीत खाली ठेवा, कितीही आवडलेला असला तरी.

राहिला प्रश्न यादी पक्की कधी करायची याचा. मी आत्ता पंधरा-वीस नावं पेन्सिलीने लिहून ठेवतो. डिसेंबरात समीक्षकांचे पुरस्कार आणि छोट्या याद्या आल्या की त्यांतली निम्मी खोडतो. गोल्डन ग्लोबला फार वजन देत नाही, कारण ते मत देणारे लोक वेगळे. अमेरिकी निर्मात्यांच्या संघटनेच्या पुरस्काराचा निकाल येईपर्यंत सर्वोत्कृष्ट चित्रपटावर मात्र काहीच ठरवत नाही. ती संघटनाही पसंतीक्रमानेच मत घेते. २००९ पासून २०२४ पर्यंतच्या चित्रपटांत तिचा आणि ऑस्करचा निकाल तीनदाच वेगळा लागला: 'स्पॉटलाइट', 'मूनलाइट' आणि 'पॅरासाइट'च्या वर्षी.