पांढरे ठिपके म्हणजे बुरशी नाही ताई, आधी तो कूलर बंद करा

ताई, तुमची पोस्ट तिसऱ्या ओळीपर्यंत वाचली आणि बायकोला हाक मारून दाखवली. काजू-कॅरमेलचे तुकडे रात्री टणक आणि सकाळी ओलसर. रॅपर काढायला जावं तर कागदच तुकड्याला चिकटून फाटतो. फ्रिजमधून काढलेल्या चॉकलेटवर दुपारपर्यंत पांढरे ठिपके. दुकानदार म्हणतो चॉकलेटची स्लॅब जुनी असेल. वर नागपुरातल्या मनीषनगरचा फ्लॅट, मे महिना आणि कूलर. बायको म्हणाली, "हे तर आपलंच लिहिलंय कोणी तरी." दोन किलो माल फेकायला काढलाय म्हणता, तो निदान हे वाचून होईपर्यंत ठेवा.

आधीच सांगतो, मी फूड टेक्नॉलॉजीवाला नाही. नोकरी सांभाळून नऊ वर्षं घरी करतोय, ओळखीतल्या ऑर्डरी घेतो, एवढंच. स्लॅब वितळवणं, मोल्ड भरणं तुम्हाला येतं हे फोटोतच दिसतंय, त्यामुळे तिकडे जात नाही.

पहिलं काम. त्या ठिपक्यांवरून कोरडं बोट फिरवा. खरखरीत लागलं आणि मग ओलं बोट लावल्यावर विरघळलं, तर ती साखर आहे. चॉकलेटवर दव धरतं, त्यात वरची साखर विरघळते, पाणी उडून जातं आणि साखर पांढरी होऊन मागे उरते. बोट तुपकट होऊन डाग नुसत्या उबेनं पुसला गेला, तर ती चरबी वर आलेली असते. दोन्ही खाल्लं तरी काही होत नाही, फक्त दिसायला वाईट. हां, लव आल्यासारखं केसाळ दिसत असेल किंवा खवट वास येत असेल तर मात्र सरळ फेका, मला विचारत बसू नका. तुमच्या फोटोवरून मला साखरच वाटते. फोटोवरून म्हणतोय, हे लक्षात ठेवा.

आता माझी गोष्ट, कारण तुम्ही आज तिथेच उभ्या आहात.

२०१८ चा मे. ओळखीच्यांकडे मुंज होती, पाहुण्यांना द्यायला १२० डब्या, एका डबीत चार नग. दोन बदाम-कॅरमेल, दोन काजूवाले चॉकलेट. आयुष्यातली पहिली मोठी ऑर्डर. कॅरमेल झकास झालं. पातेल्यात फुगून वर आलं, तळाशी बसलं, तांब्यासारखा रंग. ट्रेमध्ये ओतलं आणि लवकर गार व्हावं म्हणून हॉलमध्ये नेऊन कूलरच्या पुढ्यात टेबलावर ठेवलं. नवीन खसच्या ताट्या लावलेल्या, टाकी काठोकाठ भरलेली. इतका थंडगार वारा की मीच टेबलाजवळ खुर्ची ओढून बसलो.

सकाळी बघतो तर ट्रेला घाम. खरंच घाम, बारीक बारीक थेंब. सुरी लावली तर चिकाची तार निघून राहिली.

मी ज्यांच्याकडे एक दिवसाचा क्लास केला होता त्यांना फोन लावला. नाव लिहीत नाही, त्यातून काही मिळायचं नाही. त्या म्हणाल्या, "पाक कच्चा राहिला तुमचा, अजून चढवा." चढवला. दुसरा घाणा १२६ अंश सेल्सिअसपर्यंत नेला. परत कूलरपुढे. परत घाम, फक्त आता आत दगड आणि वर चिकट. तिसऱ्या वेळी पाकात घालायचं ग्लुकोज बदललं, साखर बदलली, इतवारीच्या बाजारात दोन चकरा झाल्या. मग चिडून सगळं फ्रिजमध्ये कोंबलं. मुंजीच्या सकाळी फ्रिज उघडून ट्रे त्याच हॉलमध्ये भरायला घेतले आणि डोळ्यांदेखत चॉकलेटवर दव धरलं. डब्या पोचेपर्यंत ठिपके. यजमानांच्या वहिनींनी एक डबी उघडली, नाकाजवळ नेली आणि न बोलता परत झाकण लावलं. ते झाकण लावणं मला अजून आठवतं. पैसे मी मागितलेच नाहीत. सामान धरून अकरा हजार गेले.

कारण कोणी शोधलं? आईनं. संध्याकाळी जेवायला बसलो, तिनं मिठाच्या वाटीत चमचा घातला, तो वर आला तर मिठाचा गोळाच चिकटून आला. म्हणाली, "मिठाले पाणी सुटून राह्यलं, अन् तुही साखर कोरडी राहीन काय रे?" तिच्या वेळी कूलर असलेल्या खोलीत पापडाचा डबा उघडायचा नाही असा नियमच होता म्हणे. नऊशे रुपयांचं ग्लुकोज आणून बसलो होतो, उत्तर मिठाच्या वाटीत.

विचार केला की किती सोपं आहे. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. दोरीवरचा टॉवेल दहा मिनिटांत कडक वाळतो, कुरडया-पापड एका उन्हात होतात. ही हवा पाकासाठी सोनं आहे. मुंबईवाले अशा हवेसाठी तडफडतात. आणि आपण काय करतो, तीच हवा ओल्या ताट्यांमधून ओढून खोलीत सोडतो. कूलरचा गारवा म्हणजे हवेत मिसळलेलं पाणी. कडक शिजवलेली साखर हवेतलं पाणी ओढून घेते, ग्लुकोज किंवा मध घातलेली तर आणखीच. एसी याच्या उलट, तो हवेतलं पाणी काढून नळीनं बाहेर टाकतो. दोन्ही यंत्रांना आपण "गार हवा" म्हणतो, तिथेच घात होतो.

नंतर मी हवेतला ओलावा दाखवणारं छोटं मीटर आणलं, चारशेच्या आत मिळतं. माझ्या घरातले आकडे: कूलर चालू असलेला हॉल ७८ टक्के, बंद स्वयंपाकघर दुपारी २४, एसी लावलेली बेडरूम ४५ च्या आसपास. तुमच्या घरी वेगळे येतील. मी ५० च्या वर काही उघडं ठेवत नाही.

त्या क्लासबद्दल एक सांगतोच, राग अजून गेलेला नाही. अडीच हजार घेतले. एसी हॉलमध्ये शिकवलं. गुलाबाचे मोल्ड, सोनेरी कागद, रिबिनीची गाठ, सगळं झालं. "घरी कूलर आहे का?" हा एक प्रश्न नागपुरात शिकवताना कोणाला सुचू नये? आणि फोनवर शांतपणे "पाक चढवा". माझं मत विचाराल तर या विषयातल्या निम्म्या क्लासमध्ये पॅकिंगच शिकवतात.

तर आता करायचं काय. पाक आणि कॅरमेल स्वयंपाकघरात, दार लावून, पहाटे. घामाघूम व्हाल, व्हा. कॅरमेल तिथेच कट्ट्यावर गार होऊ द्या, घाई नको. चॉकलेटचं काम एसीच्या खोलीत. मी पलंगावर जुनी चादर आणि वर पाट टाकून करतो, बायको रोज बोलते. तुकडे पाडले की तासाभरात बटर पेपरात गुंडाळायचे, उद्यावर ठेवायचं नाही. फ्रिजला पर्याय नसेल तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा दोन-तीन तास उघडायचा नाही. दव डब्यावर धरू दे, चॉकलेटवर नको. हे शेवटचं वाक्य छापून फ्रिजवर लावा.

कॅरमेलच्या तापमानाबद्दल तुम्ही विचारलंत. मऊ, चावता येईल असं हवं तर ११८ ते १२० अंश. उन्हाळ्यात मी १२१ पर्यंत जातो. आईच्या भाषेत गोळीबंद पाक: थेंब गार पाण्यात टाकला की बोटात गोळी वळली पाहिजे. चिक्कीचा पाक वेगळा, तो १४८-१५० ला, पाण्यात टाकला की टणकन वाजतो आणि काचेसारखा तुटतो. तुमच्या पोस्टवरून वाटतं तुम्ही आतापर्यंत दोनदा पाक वाढवलाय. वाढवू नका. पाक बरोबर आहे तुमचा, हवा चुकली आहे. माझे दोन घाणे याच गैरसमजात गेले.

थर्मामीटर मात्र तपासा. उकळत्या पाण्यात धरा, टोक तळाला टेकू देऊ नका. नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरवर आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी ९९ ला उकळतं. तुमचा ९५ दाखवत असेल तर चार अंश मिळवून वाचा. यंत्रावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये, हे तर नागपूरकरांना सांगायलाच नको. २०२४ च्या मे अखेर इथल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले होते, सगळीकडे बातम्या झाल्या, नंतर कळलं की सेन्सरच बिघडला होता. लांबून रोखायची ती बंदुकीसारखी थर्मामीटर कॅरमेलला वापरू नका, वरच्या साईचं आणि वाफेचं तापमान दाखवतात.

क्रीम फाटतं म्हणता, त्याचं कारण आपल्याकडे सहज मिळणारं क्रीम. अमूल फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के फॅट असतं आणि परदेशी रेसिपी त्याहून जास्त फॅटचं जाड क्रीम धरून लिहिलेल्या असतात. क्रीम वेगळं कोमट करा, चिमूटभर, खरंच चिमूटभर, खायचा सोडा घाला आणि तीन-चार वेळा करून थोडं थोडं ओता. हात लांब ठेवा, पाक उसळतो. माझ्या मनगटावर २०१९ चा डाग आहे.

चॉकलेटबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. एप्रिल-मेमध्ये नागपुरात कोको बटरवालं खरं चॉकलेट विकायला करू नये. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, आणि आपल्याकडे लिफ्टमध्येसुद्धा त्याहून जास्त असतं. घरच्यांसाठी करा, एसीत बसून खा. विकायचं तर या दोन महिन्यांत कंपाउंड, म्हणजे कोको बटरऐवजी पामचं तेल घातलेली स्लॅब, आणि गिऱ्हाईकाला तसं सांगून. फक्त दोन्ही एकत्र वितळवू नका. मी एकदा "थोडं चांगलं, थोडं स्वस्त" असा हिशेब केला होता. कंपाउंडमधलं पामचं तेल आणि कोको बटर यांचं जमत नाही. चॉकलेट मऊ राहतं आणि आठवड्यात पांढरं पडतं, मग कूलर असो की नसो. स्लॅबच्या मागचं घटकांचं नाव वाचायला चष्मा लावावा लागला तरी लावा.

संत्र्याचा रस चॉकलेटमध्ये घालायचा विचार लिहिलाय, तो सोडून द्या. वितळलेल्या चॉकलेटमध्ये चमचाभर पाणी गेलं तरी ते रवाळ गोळा होऊन बसतं. सालीचा वरचा केशरी भाग किसून कोमट क्रीममध्ये तासभर ठेवा, गाळा, आणि ते क्रीम कॅरमेलला वापरा. मृग बहराची संत्री संपली असतील आता, पुढच्या हंगामात करा. अक्रोड वापरत असाल तर ते फ्रिजमध्येच ठेवा, आपल्या उन्हाळ्यात महिन्यात खवट होतात. आणि काजू-बदामाऐवजी एकदा चारोळी भाजून बघा. महाग आहे, पण आपल्याच विदर्भाच्या जंगलातली, आणि कॅरमेलमध्ये तिची जी चव येते ती काजूला नाही. मेवा कोणताही असो, तो गरम असतानाच कॅरमेलमध्ये टाका, गार मेव्यानं पाक आवळतो.

तुमचे दोन किलो. ठिपकेवाली चॉकलेटं चिरून ब्राउनीत किंवा दुधात घाला, कोणाला कळणारही नाही. ओलं झालेलं काजू-कॅरमेल जाड बुडाच्या कढईत घ्या, चार-पाच चमचे क्रीम घालून मंद आचेवर सैल करा आणि बाटलीत भरा. आइस्क्रीमवर घालायला उत्तम. परत तुकडे पाडायच्या फंदात पडू नका, काजू जास्त भाजून कडवट होतात. आणि ऑर्डर घेतलेली असेल तर गिऱ्हाईकाला आजच फोन करून खरं सांगा. मी सांगितलं नव्हतं.

आज रात्री दहा तुकड्यांचाच छोटा घाणा करा, एसीच्या खोलीत ठेवा, शेजारी एक भाजलेला पापड ठेवा. सकाळी आधी पापड मोडून बघा. पापड वातड झाला असेल तर दाराखालची फट बघा. माझ्याकडे पुढच्या वर्षी तेच झालं होतं, बेडरूमचा एसी चालू आणि फटीतून हॉलमधल्या कूलरची हवा आत. मी तिथे टॉवेल लावला. कोरडा लावा, मी पहिल्या दिवशी ओला लावला होता.