सात बाटल्या आणि तेलाचा एक डबा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे छायाचित्र मिळाले. टेबलावर ओळीने मांडलेल्या सात बाटल्या पाहिल्या: माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाचा अर्क, हळदीचा अर्क, ई जीवनसत्त्व, ड जीवनसत्त्व, को-एन्झाइम क्यू टेन आणि अर्जुनसालीचे चूर्ण. वडिलांना ५१व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला आणि तू स्वतः २९ वर्षांचा आहेस, म्हणून तुझ्या मनात धास्ती बसली असेल तर त्यात नवल नाही. मात्र महिन्याला इतके पैसे घालूनही तू अजून एकदाही रक्त तपासून घेतलेले नाहीस, हे वाचून मला वाईट वाटले. पस्तीस वर्षे रुग्ण तपासल्यावर माझे मत पक्के झाले आहे की हृदय जपायचे असेल तर आधी आकडे, मग स्वयंपाकघर आणि पाय, आणि बाटल्यांचा विचार सगळ्यात शेवटी.

तुझी भीती अनाठायी नाही. ५२ देशांमध्ये झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात असे दिसले की दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, तर इतर भागांतील लोकांना सुमारे ५९व्या वर्षी. त्याच अभ्यासाने हेही दाखवले की तंबाखू, रक्तातील बिघडलेली चरबी, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांची कमतरता, व्यायामाचा अभाव अशा मोजता येण्याजोग्या नऊ गोष्टींमध्ये जवळजवळ सगळा धोका सामावलेला असतो. म्हणून पुढच्या आठवड्यात लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या चरबीची तपासणी), एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) आणि रक्तदाब पाहून घे, आणि शिवणकामाची टेप घेऊन बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर मोज. आपल्याकडच्या पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावे, वजनकाटा काहीही सांगो. घरात लवकर झटका आलेला असल्यामुळे लायपोप्रोटीन (ए) या रक्तातल्या चरबीच्या एका प्रकाराची चाचणीही एकदा करून घे. ते प्रमाण बहुतांशी आनुवंशिक असते, आहाराने किंवा व्यायामाने फारसे हलत नाही, त्यामुळे आयुष्यात एकदा केली तरी बहुधा पुरते. ते डेसिलिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर निघाले तर घाबरायचे नाही. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, आणि बाकीचे सगळे अधिक काटेकोरपणे आटोक्यात ठेवायचे, एवढाच त्याचा अर्थ.

आता स्वयंपाकघर. तू विचारले आहेस की कोणते तेल चांगले. घाण्याचे की रिफाइंड, शेंगदाण्याचे की करडईचे, यावर घरोघरी तासन्‌तास वाद होतात, पण महिन्याला किती तेल संपते हे कोणी विचारत नाही. बैठे काम करणाऱ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम, म्हणजे चहाचे पाच-सहा चमचे तेल पुरते. या हिशेबाने तुमच्या तिघांच्या घरात महिन्याला अडीच लिटरपेक्षा जास्त तेल लागायला नको. पाच लिटरचा डबा महिन्यातच रिकामा होणारी अशीच कितीतरी घरे मी पाहिली आहेत, आणि तिथली गृहिणी प्रामाणिकपणे सांगत असते की आमच्याकडे तळलेले फारसे होत नाही. ते तेल फोडणीत जाते, भाजीवर तवंग येईपर्यंत जाते, दुपारच्या पोह्यांत जाते. शेंगदाणा आणि करडई ही दोन्ही तेले चांगलीच आहेत. वनस्पती तूप आणि पुन्हा पुन्हा तापवलेले तेल मात्र टाळ. साजूक तुपाचा एखादा चमचा वरणभातावर घेतलास तर माझी हरकत नाही.

मिठाचेही असेच. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, यात आमटी, भाजी, भाकरी, पापड, लोणचे आणि संध्याकाळचे फरसाण सगळे आले. सैंधव वापरले म्हणजे मीठ कमी झाले, हा समज सोडून दे, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. कमी करायचे असेल तर ताटातून पापड आणि लोणचे यांतले एक रोज वजा कर, आणि त्या जागी काकडीची कोशिंबीर येऊ दे.

ज्वारी-नाचणीची भाकरी, मटकी किंवा चवळीची उसळ, पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे किंवा बदाम यांत तुला हवे ते बहुतेक सगळे आहे. एलडीएल वाढलेले निघाले तर रोज १० ग्रॅम इसबगोल भरपूर पाण्याबरोबर घेतल्याने ते थोडे खाली येते; तुझ्या सातही बाटल्यांपेक्षा त्याचा पुरावा भक्कम आहे. तू मासे खातोस म्हणून आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खा, तेही तळून नव्हे तर कालवणात.

व्यायामाविषयी थोडक्यात लिहितो. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना केली, तेव्हा दिवसभर जिना चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी आढळला. दोघे एकाच गाडीत होते, एक बसलेला आणि एक चालता. तुझी नोकरी त्या चालकासारखी बैठी आहे. आठवड्याला १५० मिनिटे असे चाल की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, आणि दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायाम कर.

बाटल्यांकडे वळतो. ड जीवनसत्त्व आणि दररोज १ ग्रॅम माशाचे तेल यांची सुमारे २६,००० लोकांवर झालेली व्हायटल चाचणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. हृदयविकाराच्या एकत्रित घटना दोन्हींनी कमी झाल्या नाहीत. ई जीवनसत्त्वाचा निरुपयोग २००० सालीच दिसून आला होता. २०२२ साली एका चाचणीत लसूण, हळद, दालचिनी, माशाचे तेल यांसारख्या सहा पूरकांची रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातल्या औषधाच्या अवघ्या ५ मिलिग्रॅमच्या गोळीशी तुलना झाली. २८ दिवसांत गोळीने एलडीएल सुमारे ३८ टक्क्यांनी खाली आणले, आणि सहांपैकी एकही पूरक औषध नसलेल्या कोऱ्या गोळीपेक्षा सरस ठरले नाही. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातल्या चरबीचा आणखी एक प्रकार) जास्त असलेल्या काही रुग्णांना डॉक्टर दिवसाला ४ ग्रॅमचे शुद्ध ईपीए, म्हणजे माशाच्या तेलातला एक घटक, देतात, पण ते औषध आहे, त्याने हृदयाची लय बिघडण्याचा धोकाही वाढतो, आणि दुकानातल्या कॅप्सूलला त्याचे पुण्य लागू होत नाही. ड किंवा बी १२ रक्तात कमी निघाले तर जरूर घे, मात्र ती कमतरता भरून काढण्यासाठी, हृदयासाठी नव्हे.

हे मी इतक्या कळकळीने का लिहितो, तेही सांगतो. माझ्या धाकट्या भावाचे एलडीएल १९० होते. एकदा सुरू केली की कोलेस्टेरॉलची गोळी सुटत नाही, असे कोणीतरी त्याच्या कानात भरवले, आणि तो तीन वर्षे लसणाच्या कॅप्सूल आणि सालीचा काढा घेत राहिला. मी डॉक्टर असून नात्याच्या भिडेने गप्प बसलो. एका पहाटे छाती भरून आली, घाम सुटला, तेव्हा पित्त झाले असेल म्हणून त्याने सोडा घेतला आणि दोन तास गेले. तो वाचला, पण आता जिन्याचा एक मजला चढताना त्याला मध्ये थांबावे लागते. तुझ्या वडिलांनीही आधी पित्ताचीच गोळी घेतली होती, असे तू लिहिले आहेस. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, दरदरून घाम, यांतले काहीही दिसले तर घरात कोणालाही थांबू देऊ नकोस, १०८ ला फोन कर.

डॉक्टरांनी स्टॅटिन सुचवले तर माझ्याशी बोलल्याशिवाय नाकारू नकोस. उघडलेल्या बाटल्या संपवायच्या असतील तर संपव, नव्या आणू नकोस. आईला सांग की तेलाचा पुढचा डबा उघडेल त्या दिवशी त्याच्या झाकणावर तारीख लिहायची. तो संपला की किती दिवस पुरला ते रक्ताच्या रिपोर्टांबरोबर मला कळव.

तुझा,
काका