‘बाकी कुणाला त्रास होत नाही, तुम्हालाच कसा होतो?’

‘ताई, नोकरीसाठी रोज जाताना तासभर आणि येताना तासभर मी गाडीत असते. सकाळी काहीतरी वाचते, परतताना डोळे मिटून बसते. पण जवळपास रोज शेजारी कुणीतरी मोठमोठ्याने फोनवर बोलत असतं. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचे पैसे अडकले, सगळं ऐकावं लागतं. मागच्या आठवड्यात शेजारच्या बाई स्टेशनामागून स्टेशनं गेली तरी थांबेनात. शेवटी मी म्हटलं, “अहो, अख्ख्या डब्याला तुमचं घर कळलंय, आता पुरे करा.” त्या फणकारल्या, “बाकी कुणाला त्रास होत नाही, तुम्हालाच कसा होतो?” डब्यातलं एकही माणूस माझ्या बाजूने बोललं नाही. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, तू हल्ली फार चिडचिडी झाली आहेस. मैत्रीण म्हणते, पुढच्या वेळी सरळ व्हिडिओ काढ आणि सोशल मीडियावर टाक. दोष माझ्यातच आहे का? गप्प बसू की बोलू?’

दोष तुमच्यात नाही. हे आधी सांगते, कारण तुमच्या पत्रात राग कमी आणि स्वतःबद्दलची शंकाच जास्त दिसली.

आठवून बघा, शेजारी दोन मैत्रिणी गप्पा मारत बसल्या असल्या तर तुम्हाला एवढा त्रास होतो का? बहुतेक नाही. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २००४ साली हेच तपासलं. गाडीत आणि बस स्थानकावर तेच संभाषण एकदा समोरासमोर आणि एकदा मोबाईलवर करून दाखवलं. आवाजाची पातळी सारखी असतानाही आसपासच्या लोकांना फोनवरचं बोलणं जास्त खटकलं. असं का होतं, ते २०१० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या अभ्यासातून आणखी स्पष्ट झालं. लक्ष एकाग्र करण्याचं काम करणाऱ्यांना संभाषणाची एकच बाजू ऐकवली, तेव्हा त्यांचं काम बिघडलं. दोन्ही बाजू ऐकवल्या तेव्हा बिघडलं नाही. ‘हो का? मग? अगं, पण तो काय म्हणाला?’ एवढंच कानावर पडलं की मधला गाळलेला भाग मेंदू आपणहून भरायला लागतो. पुढचा शब्द कधी येईल, काय येईल, याचा अंदाज लागत नाही, म्हणून लक्ष तिकडेच ओढलं जातं. तुम्ही ठरवून ऐकत नाही आणि ठरवून थांबवूही शकत नाही. पुस्तकाचं तेच पान चारदा वाचावं लागतं ते यामुळे.

आणि डबा गप्प होता म्हणजे डब्याला त्रास होत नव्हता, असं मुळीच नाही. भांडणात पडायला कुणी तयार नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या बाईंकडे येऊ. आपला आवाज किती चढलाय हे फोनवर बोलणाऱ्याला बहुतेक वेळा कळतच नाही. भोवती गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार्ड नावाच्या फ्रेंच कानतज्ज्ञाने १९११ साली हे मांडलं, म्हणून त्याला ‘लोंबार्ड परिणाम’ म्हणतात. गाडीच्या खडखडाटात तेच होतं. त्यात दोन्ही कानांत इअरफोन घट्ट बसवले असले तर स्वतःचा आवाज नेहमीसारखा ऐकू येत नाही. पलीकडच्याचं बोलणं बारीक ऐकू आलं की आपलंही त्याला तसंच ऐकू जात असणार असं वाटतं आणि माणूस ओरडायला लागतो. खरं तर ओरडायची गरज नसते. फोनचा माईक तोंडाजवळ असतो आणि आजूबाजूचा आवाज गाळून बोलणाऱ्याचा आवाज उचलायची सोय फोनमध्येच असते. वयस्कर माणसांचं आणखी वेगळं असतं. ऐकू कमी यायला लागलं की बोलण्याचा आवाज वाढतोच, त्यात त्यांचा दोष काय?

म्हणून माझं म्हणणं असं, की तुम्ही बोललात ते बरोबर केलंत, पण फार उशिरा बोललात. राग साठेपर्यंत थांबलात आणि मग तोंडून वाक्य निघालं ते टोमण्याचं. ‘अख्ख्या डब्याला तुमचं घर कळलंय’ हे खरं असलं तरी चारचौघांत ते ऐकल्यावर त्या बाईंना आवाजापेक्षा स्वतःची अब्रू सांभाळायची पडली. मग त्या भांडणारच.

पुढच्या वेळी दुसऱ्या-तिसऱ्या मिनिटालाच बोला, तुमचा आवाज शांत असतानाच. थोडं त्यांच्याकडे झुकून, त्यांच्यापेक्षा हळू आवाजात, ‘ताई, जरा हळू बोलता का? मला सगळं ऐकू येतंय.’ बस्स, एवढंच. आणि लगेच नजर पुस्तकात. त्यांच्या तोंडाकडे बघत थांबू नका. त्यांना कुणाच्या देखत हार न मानता आवाज कमी करायची संधी मिळायला हवी. फोन स्पीकरवर टाकून तोंडासमोर आडवा धरलेला असेल, तर ‘स्पीकर बंद करता का?’ एवढंच म्हणा. बंद डब्यात फोन स्पीकरवर टाकणं मला तरी कुठल्याही कारणाने पटत नाही, तिथे संकोच करूच नका. कुणी खात्याचा नंबर, कार्डाचा नंबर मोठ्याने सांगत असेल तर ‘दादा, तुमचा नंबर सगळ्यांना ऐकू जातोय’ हे त्यांच्याच भल्याचं आहे आणि आवाज तिथल्या तिथे खाली येतो. एखादे काका फोन कानाशी दाबून ‘हॅलो, हॅलो’ करत असतील तर विचारा, ‘काका, फोनचा आवाज वाढवून देऊ?’ बाजूचं बटण दोनदा दाबलं की पलीकडचं नीट ऐकू येतं आणि मग त्यांनाही ओरडावं लागत नाही.

पुन्हा ‘तुम्हालाच कसा होतो?’ आलं, तर ‘हो, मला होतोय, म्हणून तर तुम्हाला विचारतेय’ म्हणा आणि थांबा. दुसरी फेरी खेळू नका. जागा बदला, नाहीतर गाडीतल्या कर्मचाऱ्याला सांगा. आणि एखाद्या फोनवरून कळलं, की त्यांच्या घरी कुणीतरी अत्यवस्थ आहे, रडू आवरत नाहीये, तर तो फोन होऊ द्या. हे मी तुम्हाला सांगायला हवं असं नाही.

आजूबाजूचा आवाज दाबणारे हेडफोन घ्यायचा विचार असेल, तर एक लक्षात ठेवा. ते गाडीची एकसारखी घरघर छान दाबतात, माणसांचं बोलणं तेवढं नाही. उलट घरघर गेली की बोलणंच उठून ऐकू येतं. त्यापेक्षा कानात घालायचे फोमचे बोळे, किंवा इअरफोनवर पावसासारखा सलग आवाज बारीक लावून ठेवणं जास्त उपयोगी पडतं. फक्त आपलं स्टेशन चुकणार नाही इतपत ऐकू येऊ द्या.

व्हिडिओचं मात्र मनातून काढून टाका. त्या बाईंच्या बोलण्यात त्यांच्या घरातल्या माणसांची नावं असतील, आजारपणं असतील, पैशांच्या भानगडी असतील. त्या माणसांनी तुमचं काय बिघडवलंय? वीस जणांना ऐकू गेलेलं तुम्ही हजारोंना ऐकवाल, आणि ते परत घेता येत नाही.

राहिला नवरा. त्यांना तुम्ही दिवसात नेमक्या त्या तासाभराच्या प्रवासानंतर दिसता. कान आणि डोकं दोन्ही दमलेलं असताना ‘चहा टाकू का?’ हा प्रश्नही डोक्यात जातो, आणि त्यांना ती चिडचिड दिसते, तिच्यामागचा तास दिसत नाही. साध्या साध्या आवाजांनी, कुणाच्या चावण्याने, पेनाच्या टकटकीने घरीही अंगाचा तिळपापड होत असता, झोप उडत असती, तर मी म्हटलं असतं, डॉक्टरांशी बोला. तुमच्या पत्रात तसं काही नाही. तेव्हा एखाद्या सुट्टीच्या दिवशी, दोघंही निवांत असताना, त्यांना हे पत्र वाचायला द्या. आणि सांगा, की घरात आल्यावर पहिला अर्धा तास मला काही विचारू नकोस, टीव्ही बंद ठेव, मग मीच येऊन बसते तुझ्याजवळ.