बोल्ट-ॲक्शनसाठी भरलेली काडतुसे सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये चालतील का?

तुम्ही बोल्ट-ॲक्शन रायफलसाठी बरीच वर्षे स्वतः काडतुसे भरत आहात, आता त्याच कॅलिबरची सेमी-ऑटोमॅटिक रायफल घेतली आहे, आणि जुन्या पद्धतीत काही बदल करावा लागेल का, असा तुमचा प्रश्न आहे. आधी भरून ठेवलेली काडतुसे नव्या रायफलमध्ये वापरू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पद्धत पुष्कळशी तीच राहते. बदलते ती तपासणीची जागा. बोल्ट-ॲक्शनमध्ये बोल्ट, म्हणजे चेंबर (नळीतील काडतूस बसण्याची जागा) मागून बंद करणारा सरकता भाग, तुमच्या हातात असतो, त्यामुळे पुंगळी (काडतुसाचे पितळी कवच) किंचित फुगलेली असली किंवा प्रायमर (पुंगळीच्या बुडातील, पावडर पेटवणारी टोपी) वर राहिला असला, तर हाताला अडखळल्यासारखे वाटते आणि आपण थांबतो. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बोल्ट स्प्रिंगच्या जोराने धावत येतो आणि त्याला कसलीही शंका येत नाही. हाताने जे ओळखले जात होते, ते आता टेबलावरच मोजून घ्यावे लागते.

सर्वांत गंभीर बाब प्रायमरची आहे. एआर-१५, एम१ गॅरंड, एम१४ यांसारख्या रायफलींत फायरिंग पिन, म्हणजे प्रायमरवर आदळणारी सळई, मोकळी असते, तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नसते. बोल्ट पुढे येऊन आदळला की पिन आपल्याच वेगाने पुढे सरकते आणि प्रायमरला हलकेच टोचते. चेंबरमधून न झाडता काढलेल्या काडतुसावर जो बारीक खळगा दिसतो, तो याचाच. एरवी त्याने काही बिघडत नाही. परंतु प्रायमर पुंगळीच्या बुडापेक्षा वर राहिला असेल किंवा फार संवेदनशील असेल, तर ट्रिगरला बोटही न लावता काडतूस उडू शकते. त्याच क्षणी बोल्ट पूर्ण बंद झालेला नसेल, तर पुंगळीचा आधार नसलेला भाग फाटतो आणि सारा दाब रायफलच्या मागच्या बाजूस, म्हणजे नेमबाजाच्या तोंडाकडे, येतो. ही भीती काल्पनिक नाही. एम१६ च्या सुरुवातीच्या रायफलींत हाच दोष आढळल्यामुळे तिची फायरिंग पिन हलकी करावी लागली होती.

म्हणून प्रत्येक प्रायमर बुडापासून सुमारे ०.००३ ते ०.००५ इंच आत बसला आहे, याची मी खात्री करून घेतो. बोटाने चाचपले तरी वर राहिलेला प्रायमर कळतो, पण बोट थकते आणि मन भटकते. सपाट पट्टी आडवी टेकवून पाहणे अधिक विश्वासार्ह. लष्करी पुंगळ्यांत प्रायमरभोवती दाबून केलेली कडा असते. ती काढून टाकल्याशिवाय नवा प्रायमर नीट बसत नाही, आणि जोर लावून बसवलेला प्रायमर बहुधा तिरकाच बसतो. लष्करी धाटणीचे कमी संवेदनशील प्रायमर मिळत असतील, तर तेच घ्यावेत, सीसीआय या कंपनीचे ७.६२ मिमी काडतुसांसाठी ३४ आणि ५.५६ मिमी काडतुसांसाठी ४१ क्रमांकाचे प्रायमर याच हेतूने बनवलेले आहेत.

दुसरी गोष्ट मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. बोल्ट-ॲक्शनच्या सवयीने मी पुंगळीची फक्त मान, म्हणजे गोळी धरणारा अरुंद भाग, आवळली होती; तिसरेच काडतूस चेंबरमध्ये असे अडकले की बोल्ट पुढेही जाईना आणि मागेही येईना. ते काढताना जे दडपण आले, ते अजून आठवते. सेमी-ऑटोमॅटिकसाठी पुंगळी पूर्ण लांबीच्या डायमधून (पुंगळीला पुन्हा मापात आणणाऱ्या साच्यातून) काढून तिचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतरता भाग, झाडल्यानंतरच्या मापापेक्षा ०.००३ ते ०.००५ इंच मागे सरकवावा. हे माप गेजने घ्यावे, डाय किती फिरवला या अंदाजाने नव्हे. खांदा गरजेपेक्षा जास्त मागे गेला, तर दर वेळी पितळ बुडाजवळ ताणले जाते आणि एक दिवस पुंगळी तिथेच तुटते. टोक वाकवलेली बारीक तार आतून फिरवली, तर पातळ पडलेल्या जागी ती अडखळते. अशी पुंगळी चिरडून टाकावी, म्हणजे ती चुकूनही परत डब्यात जाणार नाही. लांबीही तपासत राहावी: .२२३ रेमिंग्टनची पुंगळी १.७६० इंचांपेक्षा लांब असता कामा नये, आणि कापताना ती १.७५० वर आणतात.

मानेची पकडही बोल्ट-ॲक्शनपेक्षा घट्ट हवी, कारण मॅगझिनमधून चेंबरकडे जाताना गोळीचे टोक रॅम्पवर, म्हणजे चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर, आपटते. गोळी आत सरकली की आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. क्रिम्पने, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीवर दाबून, ढिली पकड सुधारते, हा गैरसमज आहे.

पावडरबाबत एवढेच की, गॅसवर चालणाऱ्या, म्हणजे नळीतील गॅसच्या जोराने बोल्ट मागे ढकलणाऱ्या, रायफलीत चेंबरमधला दाब मर्यादेत असूनही नळीतील गॅसच्या छिद्रापाशी तो जास्त असू शकतो. संथ जळणाऱ्या पावडरीमुळे गॅरंडचा ऑपरेटिंग रॉड (बोल्ट मागे ओढणारा दांडा) वाकतो, तो याच कारणाने. म्हणून तिच्यासाठी आयएमआर ४८९५ च्या आसपासच्या पावडरी वापरतात. पावडरचे वजन कोणाच्या सांगण्यावरून, माझ्याही, घेऊ नये. पावडर किंवा गोळी बनवणाऱ्याच्या चालू पुस्तिकेतील सुरुवातीच्या वजनापासूनच आरंभ करावा, आणि पुंगळीची जात बदलली तर पुन्हा तिथूनच. ५.५६ नाटो आणि .२२३ रेमिंग्टन ही काडतुसे बाहेरून जवळपास सारखी असली, तरी ५.५६ नाटोसाठी दिलेली माहिती .२२३ च्या चेंबरसाठी वापरू नये.

रेंजवर पहिल्या दिवशी काडतूस हाताने थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडू नका. ते मॅगझिनमधूनच जाऊ द्या, म्हणजे घर्षणाने बोल्टचा वेग थोडा कमी होतो. नळी सुरक्षित दिशेला ठेवून एक काडतूस चेंबरमध्ये जाऊ द्या, न झाडता बाहेर काढा, आणि त्याची लांबी कॅलिपरने आधीच्या मापाशी ताडून पाहा. लांबी घटली असेल, किंवा प्रायमरवरचा खळगा हलक्या टिंबापेक्षा खोल दिसत असेल, तर त्या दिवशी त्या खेपेतले एकही काडतूस झाडू नका.