जब्बार पटेलांचे सर्वोत्तम चित्रपट कोणते? सुरुवात कुठून करावी?

तुम्ही 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' पाहिलात, मग 'जैत रे जैत' याच दिग्दर्शकाचा आहे हे कळलं आणि तुमचा विश्वास बसेना, असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. मलाही कॉलेजात असताना असंच झालं होतं. त्यात हा माणूस पेशानं डॉक्टर, दौंडला दवाखाना चालवलेला. १९७२ साली 'घाशीराम कोतवाल' बसवून त्यानं मराठी रंगभूमी हलवली, आणि मग सिनेमाकडे वळला.

माझ्या मते त्यांचा सर्वोत्तम चित्रपट 'उंबरठा'. पण सुरुवात 'सामना'पासून करा.

'सामना'ची पटकथा विजय तेंडुलकरांची. साखर कारखाना, सोसायट्या, सगळं गाव मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे पाटील म्हणजे निळू फुले, आणि त्या गावात येऊन पडलेले दारूडे, एकेकाळचे स्वातंत्र्यसैनिक मास्तर म्हणजे श्रीराम लागू. मास्तर एकच प्रश्न धरून बसतात: मारुती कांबळेचं काय झालं? हिंदुराव मास्तरांवर ओरडत नाही. त्यांना बंगल्यावर ठेवून घेतो, खाऊपिऊ घालतो, मान देतो. त्या पाहुणचारातच माणूस कसा विकत घेतला जातो ते दिसतं, आणि अंगावर येतं. चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात स्पर्धेत होता. पण ज्यानं आपल्याकडचं सहकाराचं राजकारण जवळून पाहिलंय त्याला तो जसा कळेल तसा बर्लिनमध्ये कुणाला कळला असेल, असं मला वाटत नाही.

'सामना' पाहिलात की लगेच 'सिंहासन' (१९७९) लावा. हा क्रम मुद्दाम सांगतोय. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. आता पाहा, तेच निळू फुले इथे पत्रकार दिगू टिपणीस आहेत. सगळं जाणणारा, सगळीकडे उठबस असलेला, आणि काहीही करू न शकणारा. लागू मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून बसलेले अर्थमंत्री. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री तर इतका शांत की त्याच्या मनाचा थांग लागत नाही. 'सामना' दोन माणसांवर उभा होता. इथे मंत्री, आमदार, कामगार पुढारी, स्मगलर, झोपडपट्टी असं अख्खं शहर आहे आणि नायक कुणीच नाही. एवढी पात्रं असूनही कोण कुणाच्या बाजूनं आहे याचा गोंधळ होत नाही, याला मी दिग्दर्शकाची ताकद म्हणतो. त्यात कृष्णधवल चित्रण आणि सुरेश भटांचं 'उषःकाल होता होता काळरात्र झाली'. दिगूचं शेवटी काय होतं ते सांगत नाही.

या दोन्हींच्या मधला 'जैत रे जैत' (१९७७). गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ठाकर समाजातला नाग्या, लिंगोबाचा डोंगर आणि राणीमाशी. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील. ना. धों. महानोरांची गाणी आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत बाजूला काढलं तर चित्रपट उरणारच नाही, कारण इथे गोष्ट गाण्यांतूनच पुढे जाते. 'घाशीराम'मध्ये ब्राह्मणांची रांग गातनाचत कथा पुढे नेते. तीच रीत इथे डोंगरावर आलीय असं मला वाटतं. हेडफोन लावून पाहा.

आता 'उंबरठा' (१९८२). शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून. सुलभा महाजन, वकिलाची बायको, एका मुलीची आई, घरात कशाची कमी नाही. ती महिला सुधारगृहाची अधीक्षिका म्हणून नोकरी धरते आणि घरापासून लांब जाते. माझी मावशी मुलींच्या सरकारी वसतिगृहात अधीक्षिका होती. हा चित्रपट आम्ही एकत्र पाहिला तेव्हा तिचं लक्ष गाण्यांकडे नव्हतं. धान्याचा हिशेब, कमिटीच्या बायकांची भेट, वरून आलेला फोन, ही दृश्यं आली की ती पुढे सरकून बसायची. 'अगदी असंच असतं रे,' एवढंच म्हणाली. सुलभाला बाहेर लढायचंय आणि घरी परतायची सोयही हवीय, आणि दिग्दर्शक तिला यातल्या कुठल्याच गोष्टीबद्दल दोष देत नाही. नवराही खलनायक नाही. गिरीश कर्नाडांनी तो समंजस, सुसंस्कृत उभा केलाय, म्हणून शेवटी तो जे सांगतो ते जास्त लागतं. स्मिता पाटीलचं मराठीतलं याहून मोठं काम मला माहीत नाही.

'एक होता विदूषक' (१९९२) जरूर पाहा, निदान लक्ष्मीकांत बेर्डेंसाठी. पटकथा पु. ल. देशपांड्यांची. तमाशाच्या फडातला भाग अप्रतिम, मधू कांबीकर तर विसरता येत नाहीत. राजकारण आल्यावर मात्र पकड सैल होते असं माझं मत. 'मुक्ता'त जातीचा प्रश्न फार पुढे येऊन बोलतो, म्हणून तो मला कमी आवडतो. कुमार गंधर्वांवरचा 'हंस अकेला' हा माहितीपट मिळाला तर सोडू नका.

आणि हे सगळं पाहून झालं की 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' पुन्हा लावा. मामूट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना आपली नजर त्यांच्यावरच राहते. या वेळी सोनाली कुलकर्णींच्या रमाबाईंकडे बघा. सुलभा घराबाहेर पडते, रमाबाई घरात मागे राहतात. 'उंबरठा' नुकताच पाहिलेला असेल तर ती दृश्यं तुम्हाला पहिल्यापेक्षा वेगळी दिसतील.