आठवडाभर पाऊस पडलाय, तरी इंदूरच्या शेतकी प्रदर्शनाला जावं का?

तुम्ही विचारलंय की पुण्याहून सासुरवाडीला आलोय, ऑक्टोबरचा पहिला आठवडा, प्रदर्शन उघड्या मैदानावर, सत्तरीचे सासरे हट्टाला पेटलेत. चिखलात जाण्यात काही अर्थ आहे का, आणि पायात काय घालावं?

जा. स्पोर्ट्स शूज मात्र घरी ठेवा.

मी इंदूरच्या रामबागेतली, बाबांची सांवेरकडे थोडी जमीन आहे. एका वर्षी अशाच ओल्या मैदानावर मी नवे बूट घालून गेले होते. माळव्याची काळी माती पुण्याच्या चिखलासारखी नुसती माखत नाही, थरावर थर चढवत जाते. वीस पावलांत पाय हत्तीचे झाले, आणि एकदा जोर लावून पाय उपसला तर बुटाचा सोल खालीच राहिला. स्लिपरने पाठीवर नक्षी उमटते. अनवाणी तर नकोच, कापलेल्या सोयाबीनचे खुंट सुईसारखे टोचतात. फार डोकं न लावता गमबूट घ्या, सासऱ्यांच्या हातात काठी द्या. गाडी मुरमाच्या रस्त्यावरच लावा, थोडं चालावं लागलं तरी चालेल.

आता अर्थ आहे का, ते. माझ्या मते कोरड्या दिवशी प्रदर्शन म्हणजे मंडप, माहितीपत्रकं आणि नव्या ट्रॅक्टरवर बसून फोटो. खरं काय ते पावसानंतर दिसतं. जिथे प्रात्यक्षिकाचे प्लॉट असतात तिथे आधी जा. सोयाबीन दोन तऱ्हांनी पेरलेलं असेल: एक सपाट, दुसरं रुंद वरंबा-सरीवर. त्या वर्षी सपाट वाफ्यात पाणी तुंबलेलं होतं, खालच्या शेंगा काळ्या पडलेल्या, काहींत तर शेंगेतच मोड आलेले. शेजारच्या वरंब्यावर मात्र मी सोल नसलेल्या बुटानेही उभी राहू शकले, पाणी सरीतून निघून गेलेलं. बाबांना मी दोन वर्षं हेच सांगत होते, तेव्हा "बघू" म्हणायचे. त्या दिवशी दहा मिनिटं गप्प उभे राहिले आणि पुढच्या जूनमध्ये वरंबे पाडले.

वाणांच्या पाट्याही तिथेच वाचा, आणि दिवस मोजा. जेएस ९५-६० साधारण ८५ दिवसांत येतं, जेएस ३३५ ला ९५ ते १०० लागतात. जूनअखेर पेरलं तर पहिलं वाण सप्टेंबरच्या विशीत तयार होतं, आणि पाऊस लांबला की नेमकं तेच भिजत उभं राहतं. लवकर येणारं ते चांगलं, असं सरसकट नसतं. (खंडवा रोडवरच्या सोयाबीन संस्थेच्या जुन्या वाणांची नावं अहिल्या १ ते अहिल्या ४ अशी आहेत. पाटीवर दिसलं तर आम्हा इंदूरकरांना उगाच घरचं वाटतं.)

नांगर-रोटाव्हेटर चालवून दाखवणार असतील, तर त्या दिवशी तरी बघू नका. जमिनीला वापसा (मशागतीजोगी बेताची ओल) नाही, इकडचे लोक त्याला बतर म्हणतात, आणि ओल्या काळ्या मातीत यंत्र घातलं की ढेकळं होऊन जमीन दबते. तरीही हौसेने चालवणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून यंत्र घेऊ नका, एवढं मी छातीठोक सांगते.

सासऱ्यांचं सोयाबीन काढून झालं असेल तर मूठभर दाणे घट्ट बंद पिशवीत बरोबर न्या. ओलावा मोजायचं यंत्र एखाद्या स्टॉलवर बहुधा असतं, आणि ते लोक खुशीने मोजून देतात. साठवायचं तर १२ टक्क्यांच्या आत हवं. घरी दाताखाली धरून "वाळलंय" म्हणणारे आमचे मामा त्या यंत्रापुढे खजील झाले होते.

पोहे-जलेबी मिळेलच. जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) जास्त मागा, ओल्या हवेत बरं लागतं.

बियाण्याचा मंडप शेवटी ठेवा. रबीचा गहू घेणार असाल तर पोत्याची खूणचिठ्ठी बघा: प्रमाणित बियाण्याची निळी, पायाभूतची (ज्यापासून प्रमाणित बियाणं तयार करतात) पांढरी. आणि पोतं उचलून त्याचा तळ हाताने चाचपा. चिखलावर ताडपत्री टाकून रचलेली पोती खालून दमट होतात, वरून काही कळत नाही.

आणि तिथे सासऱ्यांना एकटं सोडू नका. मी चहा आणायला गेले तेवढ्यात बाबा दोन बिघ्यांसाठी पाच पोती सांगून बसले होते.